खाली घेतलेला माणूस

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वारले त्याच्या चार-पाच महिने आधीच आम्ही त्यांना मरायला खाली घेतलं होतं. घाई झाली खरी. पण ती एकट्यादुकट्याची नव्हती, घरासकट सगळ्या आळीची होती, त्यामुळे दोष कोणाला देणार?

महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याची, म्हणजे घाटावरची, आणि लग्न होऊन आले घाटाखाली, धामणगाव बढेला. सासरी मिरची-वांग्याची शेती. थोरले भाऊजी आणि जाऊबाई शेत पाहायचे, माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर. मामाजींना दमा होता आणि गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांचा दिवस बाजेवरच जायचा. सुंभाची ती बाज पुढच्या खोलीत दारासमोर असायची. तिच्यावर पाय खाली सोडून बसलं की बाजाराला जाणारा सगळा रस्ता दिसायचा. ‘या बाजेवर बसल्या बसल्या म्या चार राज्यं पाह्यली,’ असं मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, मग मुंबई, आणि आता महाराष्ट्र. ‘बाज हालली नाही, राज्यंच येऊन-जाऊन राह्यली.’

माणसाचा जीव बाजेवर जाऊ देत नाहीत. बाजेवर गेला तर तो ना धरतीचा ना आभाळाचा, मधेच लोंबकळत राहतो म्हणे. म्हणून शेवट जवळ आला की जमीन सारवायची, वर घोंगडी टाकायची आणि माणसाला उचलून खाली घ्यायचं. ती वेळ कधी आली हे सांगायला आमच्या आळीत एक नाडीवाले बुवा होते. ते वैद्य नव्हते, औषध कधी देत नसत. मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ एवढंच म्हणायचे. त्यांनी ‘घ्या’ म्हटल्यावर माणूस राहिला असं तोवर झालं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

मार्गशीर्षात मामाजींना ताप भरला. दोन दिवस कण्हले, मग हाकेला ओ देईनात. बुवांना बोलावलं. त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘घ्या.’

चौघांनी मामाजींना उचललं आणि तिथेच घोडं अडलं. डोकं कोणीकडे करायचं? एक म्हणे उत्तरेला, दुसरा म्हणे दक्षिणेला. तिसऱ्याचं म्हणणं, दक्षिणेला तोंड करायचं असतं, डोकं नाही. मग तोंड दक्षिणेला झालं की डोकं कुठे जातं यावर चौथा बोलू लागला. ज्या लोंबकळण्याच्या भीतीने माणसाला खाली घ्यायचं, नेमके तसेच मामाजी बराच वेळ खोलीच्या मधोमध लोंबकळत होते. शेवटी पायाकडच्या माणसाचे हात भरून आले, त्याने पाय खाली टेकवले, आणि डोकं जिकडे आलं तीच दिशा बरोबर आहे असं सगळ्यांना पटलं.

मग गंगा आली. घरात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तांब्याचा, तोंडाला डाख लावून पक्का बंद केलेला. शेवटच्या घोटासाठीच तो वर्षानुवर्षं देवघरात राखून ठेवलेला. आता तो उघडेना. भाऊजींनी छिन्नी आणि हातोडी आणली, मामाजींच्या उशाशी मांडी घातली आणि गडू ठोकायला घेतला. इकडे बायकांचं रडं चढत होतं, तिकडे ठणाठण गडू वाजत होता. तुळशीचं पान हातात धरून सासूबाई मधेच ‘लवकर, लवकर’ म्हणत होत्या. मामाजींचे डोळे उघडले.

‘कोन ठोकून राह्यलं बे?’

हातोडी वरच्या वर राहिली. सगळ्यांत मोठा धक्का बसला तो बुवांना. त्यांनी पुन्हा मनगट धरलं, आणि एखाद्याने शब्द देऊन फिरवावा तसं मामाजींकडे पाहिलं.

‘डोकं फुटून राह्यलं माहं,’ मामाजी म्हणाले. ‘च्या ठेवा वं कोनी.’

सासूबाई स्वतः चुलीकडे धावल्या. घाईत अर्धं दूध उतू गेलं. मामाजींनी चहा घेतला, आजूबाजूला जमलेली गर्दी पाहिली, अंगाखालची घोंगडी चाचपली आणि काय झालं असावं ते त्यांच्या लक्षात आलं. ते रागावले नाहीत. ‘बरं,’ म्हणाले. ‘झालं ते झालं. आता मले बाजेवर घ्या.’

कोणी हललं नाही. माणसाला खाली कसं घ्यायचं हे गावात सगळ्यांना पाठ होतं. खाली घेतलेल्या माणसाला वर कसं घ्यायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. या मामाजींच्या थोरल्या बहीण, साखरखेर्ड्याला दिलेल्या. तिथून आमच्याकडे यायचं तर एस.टी. बदलत बदलत दिवस मोडतो. त्यांना सांगावा गेला होता तो ‘घेतलं’ एवढाच, पुढची हकिगत त्यांना कळलेली नव्हती. त्यांनी हेल काढून रडावं आणि चार गावच्या बायकांनी ऐकावं अशी त्यांची ख्याती. स्टँडवर उतरल्यापासूनच त्यांनी सुरुवात केली. ‘माझ्या भावा रेऽऽ, मला न भेटता कसा गेलास रेऽऽ’ करत त्या दारातून आत शिरल्या.

‘म्या कुठी गेलो?’ खालून मामाजी म्हणाले. ‘हळू रड. आताच डोळा लागला होता.’

आत्याबाई थबकल्या. पण हेल अर्ध्यावर तोडणं त्यांना जमेना. तो त्यांनी पुरा केला, पदराने नाक पुसलं, आणि मग विचारलं, ‘बरं वाटतंय का रे आता?’

वर घेण्याचा विषय निघाला तेव्हा याच आत्याबाईंनी निकाल दिला. त्यांच्या सासरी कोण्या एका चुलत सासऱ्यांना असंच परत खाटेवर घेतलं होतं, आणि महिन्याच्या आत घरातला तरणाताठा मुलगा गेला. ‘भुईनं जागा धरलेली असती. एकाला उचललं की ती दुसऱ्याला मागती,’ त्या म्हणाल्या. खोलीत बसलेला प्रत्येक जण आपापल्या जागी जरा सरकून बसला. भाऊजींना खोकला आला आणि तो दाबताना ते लालबुंद झाले. त्याच दिवशी बाज उचलून बाहेर गोठ्याच्या भिंतीला उभी करून ठेवली, आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

असे मामाजी जमिनीवर राहू लागले. ना धड आजारी, ना धड बरे. भेटायला येणारे दारातच तोंड पाडून उभे राहायचे, मग भिंतीला टेकून बसायचे आणि आपसात बोलायचे. ‘माणूस लय चांगला होता.’ ‘कोनाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता.’ मामाजी घोंगडीवरून विचारायचे, ‘कोन?’ मग ते लोक दचकून मिरचीच्या भावाबद्दल बोलू लागायचे. बुवा रोज सकाळी यायचे. मनगट धरायचे, डोळे मिटायचे, उसासा टाकायचे आणि ‘चालू आहे अजून’ म्हणून निघून जायचे. गावात त्यांना आता कोणी बोलावत नव्हतं. मामाजींना त्यांची दया यायची. ‘मह्यापायी त्याचा धंदा बसला,’ म्हणायचे.

आत्याबाईंची तर फारच पंचाईत झाली. निघून जावं तर भाऊ काही आता मरत नाही असं बोलून दाखवल्यासारखं होतं, आणि राहावं तर कशाची वाट पाहत बसल्यात असा अर्थ निघतो. त्या राहिल्या. रोज सकाळी गाठोडं बांधायच्या आणि संध्याकाळी सोडायच्या.

तोवर मामाजींशी माझं बोलणं म्हणजे डोक्यावर पदर घेऊन ‘हो’ आणि ‘नाही’. पण घरात दिवसभर त्यांच्याजवळ असायचे ती मीच आणि सासूबाई. भाऊजी-जाऊबाई शेतात, यजमान शाळेत. त्यामुळे त्यांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, पाठीला तेल लावणं हे माझ्याकडे आलं. सुरुवातीला ते लाजून डोळे मिटून घ्यायचे आणि मी लाजून दुसरीकडे पाहायचे, आणि आमच्या या दोघांच्या लाजण्यात तेल भलतीकडेच लागायचं. मग एक दिवस ते म्हणाले, ‘पोरी, पाहून लाव. मले बी काही दिसत नाही न तुले बी.’ त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

पौषात थंडी पडली. सारवलेली जमीन पहाटे बर्फासारखी व्हायची. खाली दोन गोधड्या घातल्या तरी गारवा वर यायचाच. मामाजींच्या माकडहाडाशी लाल चट्टा उठला आणि आठवड्याभरात त्याची साल गेली. मी यजमानांना बुलढाण्याला पिटाळलं. डॉक्टरने सांगितलं, कुशी बदला, जखम कोरडी ठेवा, गार जमिनीवर ठेवू नका, खाटेवर घ्या म्हणजे स्वतःचं स्वतः बसता येईल. यजमानांनी घरी येऊन आईला सगळं सांगितलं, फक्त खाटेचं तेवढं गाळलं. ते मला रात्री सांगितलं. शाळेत पोरांना ग्रहणात राहू-केतू नसतात म्हणून शिकवणारा हा माणूस! ‘आईला दुखवून कसं चालेल?’ म्हणे. माझं डोकं असं तडकलं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांना शाळा तपासणीच्या गडबडीत कळलंही नाही.

पण खरी गोष्ट मला कळली ती पाण्याच्या तांब्यामुळे. सकाळी मी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा. जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं होतं. मला वाटलं, आता खरंच संपत आलं. मी विचारलं, ‘मामाजी, पाणी काऊन नाही पेत?’ माझ्या तोंडात एव्हाना इकडची बोली बसली होती.

मामाजींनी तांब्या हाताने लांब सारला. मग म्हणाले, ‘पेलं की उठा लागते. बाजेवरून पाय खाली सोडले की म्या काठी धरून परसाकडे जात होतो, आपल्या आपन. भुईवरून उठाले दोघं मानसं लागतात. दिवसा घरात मानसं कुठी हायेत? तुम्ही बायका मले उचलता, मले बरं नाही वाटत.’

मी त्या भरलेल्या तांब्यासमोर बसून राहिले. माणूस तहान मारून दिवस काढत होता, आणि आम्ही त्याच्या उशाशी बसून त्याचा जीव कधी जातो याची चर्चा करत होतो. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी सासूबाईंवर जाऊन आदळले. म्हटलं, बाई, मी आज बाज आत आणते.

सासूबाईंनी माझा हात धरला. ‘घाटावरच्या पोरी लय बोलतात,’ असं त्या एरवी म्हणायच्या, ते म्हणाल्या नाहीत. ‘मले काय ते खाली पडून राह्यलेले पाह्यवते काय?’ त्या म्हणाल्या. ‘पन थोरल्याले खोकला लागला हाये. काल रात्री तुह्या मालकाचं डोकं दुखत होतं. म्या दोघाईच्या अंगाले हात लावून पाह्यते रोज, ते झोपले की. हे बाजेवर आले न यातलं एक गेलं, तर म्या कोनाकडे पाहू, सांग.’ भाऊजींचा खोकला बिडीचा होता हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण आईला ते कसं पटवणार? मामाजींना सासूबाईंचं हे रात्रीचं उठणं माहीत होतं, म्हणूनच एकदा मागून त्यांनी बाज पुन्हा मागितली नव्हती.

यजमानांनी गावच्या भटजींना, जोशीबुवांना, विचारून पाहिलं. त्यांच्या पंचांगात विहीर खणायचा मुहूर्त होता, बारशाचा होता, नवी बैलगाडी जुंपायचा होता. माणूस वर घ्यायचा मुहूर्त त्यांना काही सापडला नाही. ‘उलट क्रिया आहे,’ ते म्हणाले आणि शास्त्राला ती माहीत नाही म्हणून दक्षिणाही त्यांनी घेतली नाही.

मला वाट सापडली ती ओटा सारवताना. घरापुढचा ओटा मी रोज सारवायचे. आत्याबाई त्याच ओट्यावर पाय पसरून उन्हाला बसल्या होत्या. सारवता सारवता माझा हात थांबला.

‘आत्याबाई, तुम्ही बाजेवर बसल्या आहात की भुईवर?’

‘आता बाज कुठंय इथं? भुईवर की.’

‘पण ओटा तर उंच आहे.’

‘उंच असला म्हणून काय झालं? माती ती माती. भुईच हाय ही,’ आत्याबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता माझ्याकडे पाहून गप्प झाल्या. बाई हुशार होती. मी शेणाच्या हातानेच आत पळाले.

मामाजींना आपण वर घ्यायचंच नाही, असं मी सगळ्यांसमोर मांडलं. आपण भुई वर आणू. मामाजींच्या खोलीत दारासमोर मातीचा ओटा घालायचा, सारवायचा आणि त्याच्यावर त्यांना ठेवायचं. खालून वरपर्यंत माती, मधे लाकूड नाही, सुंभ नाही, फट नाही. भुईने धरलेली जागा भुईकडेच राहते. यजमान माझ्याकडे असे पाहत होते की जणू मी त्यांच्या वर्गातली पास झालेली एकुलती एक मुलगी आहे.

आता वाद आला उंचीचा. भुई किती उंच होईपर्यंत भुई असते? आत्याबाई म्हणाल्या, एक वीत. पाटाएवढी भुई चालेल, त्याच्या वर ती भुई राहत नाही. तेव्हा मामाजी खालून बोलले. बाजारात मिरची विकताना लागायचा तसा त्यांचा आवाज लागला होता.

‘एका विताले काय करू? धान पाखडू त्याच्यावर? कमरेइतकी करा.’

‘कमरेइतकी भुई असती व्हय कुठं?’

‘पाटलाचा ओटा हाये न कमरेइतका. तो काय आभाळात हाये?’

आत्याबाई दोन वितांवर आल्या. मामाजी मांडीवर आले. आत्याबाईंनी आमच्या सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी मुलांकडे पाहिलं. शेवटी गुडघ्यावर सौदा पटला. ‘कोनाच्या गुडघ्यापर्यंत, ते बी ठरवा,’ मामाजी म्हणाले, आणि घरात सगळ्यांत उंच असलेल्या भाऊजींना भिंतीशी उभं करून कोळशाने रेघ मारून घेतली. ती रेघ बाजेपेक्षा चांगली चार बोटं वर आली.

ओटा घालायचं काम मामाजींनी पडल्या पडल्या चालवलं. त्यांना कोपऱ्यात सरकवलं होतं. भाऊजींनी शेतातली काळी माती आणली तर ती त्यांनी परत पाठवली. ‘काळी भेगाळते. घरावरच्या धाब्याले वापरतो ते पांढरी आन.’ आळीतली माणसं आली. नाडीवाले बुवाही आले. त्यांना दुसरं काम राहिलंच नव्हतं, तर ते धोतर खोचून चिखल तुडवायला लागले, आणि तुडवता तुडवता मामाजींना म्हणाले, ‘तुह्यासाठी लोकाईनं लाकडं तोडावं असं म्या सांगितलं होतं, न आता चिखल तुडवून राह्यलो.’ मामाजी इतके हसले की दम लागला आणि सगळे घाबरून त्यांच्याभोवती जमले. आत्याबाईंनी ओट्याच्या कडा हाताने गोल केल्या, भावाच्या पायांना टोचू नयेत म्हणून. वर घ्यायला विरोध करणारी बाई ती हीच.

ओटा वाळला, तसं मामाजींना त्याच्यावर ठेवलं. डोकं कोणीकडे करायचं हे कोणी विचारलं नाही. त्यांनी हाताने कड धरली, हळूहळू उठून बसले आणि पाय खाली सोडले. रस्त्यावरून बाजाराच्या गाड्या जात होत्या. मामाजी त्या पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, ‘पानी आन.’ तांब्याभर पाणी ते घटाघटा प्यायले. मी उभी राहून पाहत होते, आणि सांगायला लाज कसली, एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

लोक त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले, त्यांच्याबद्दल नाही. आत्याबाईंनी गाठोडं बांधलं ते या वेळी सोडलं नाही. जखम सुकली. काठी टेकत ते परसाकडे जाऊ लागले. फाल्गुनात मिरची वाळत घातली तेव्हा दारात बसून त्यांनी बायकांना इतक्या सूचना केल्या की जाऊबाई मला म्हणाल्या, ‘खालीच बरे होते.’ आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो.

फक्त सासूबाईंचं रात्रीचं उठणं थांबलं नव्हतं. ओटा म्हणजे भुईच, असं त्या सगळ्यांना ठासून सांगायच्या, पण रात्री मुलांच्या अंगाला हात लावून पाहायच्याच. मला ते ठाऊक होतं, आणि मामाजींनाही.

वैशाखात मामाजींचा दमा वाढला. चेहऱ्यावर, पायांवर सूज आली. या वेळी ते पाणी टाळत नव्हते, पाणीच जात नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून सासूबाई त्यांच्याजवळून उठल्या नाहीत. भाऊजी-जाऊबाई मळ्यात होते, यजमान मोताळ्याला गेलेले. ऊन तापलं होतं. मी ओल्या फडक्याने मामाजींचं तोंड पुसत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

‘मले खाली घे,’ ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना भ्रम झाला. म्हटलं, ‘मामाजी, ही भुईच आहे. आपणच नाही का आणली वर?’

‘ते लोकाईसाठी. म्या घासाघीस करून आनली, मले नाही माहीत?’ ते थांबून थांबून बोलत होते. ‘हिले आजून भेव हाये. पोराईच्या अंगाले हात लावून पाह्यते.’

सासूबाईंनी मान खाली घातली. मी म्हणाले, भाऊजींना बोलावते, बुवांना बोलावते. त्यांनी डोकं हलवलं. ‘तवा तुमच्या सगळ्याईच्या मनानं उतरवलं मले. आता मह्या मनानं उतरून राह्यलो. तू घे.’

या माणसाला खालून वर आणायला मी सगळ्या घराशी भांडले होते. मी म्हणाले, मी नाही घेणार. अगदी लहान मुलीसारखी म्हणाले. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मग सासूबाई उठल्या, त्यांनी खाली घोंगडी अंथरली, सुरकुत्या हाताने सरळ केल्या आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला. मी पाय धरले. पूर्वी चौघांना जड झालेले मामाजी आम्हा दोघींनाही हलके होते. आम्ही त्यांना खाली ठेवलं. त्यांनी घोंगडीच्या बाहेर हात काढून जमिनीला तळवा टेकवला आणि तसाच राहू दिला.

मी रडत होते. सासूबाई रडत नव्हत्या. त्या त्यांच्याजवळ खाली बसल्या, अगदी टेकून, मला तिथं पाहूनही सरकल्या नाहीत. मामाजींनी त्यांच्याकडे मान वळवली. श्वास घ्यायला वेळ लागत होता.

‘तू जेवली काय वं?’ त्यांनी विचारलं.

‘हाव,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोटभर जेवली.’

सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही गेला नव्हता.